खिडकीमागचं जुनं इंजिन
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



“तू नेमकं करतेस काय?” हा प्रश्न सकाळपासून चहाच्या रांगेत पाच-सहा जणांनी विचारला. तेव्हा सगळ्यांना एकदमच सांगते.

प्रोग्रॅम चुकला की तो मध्येच थांबवून, एकेक ओळ चालवून, कुठल्या चलाची किंमत किती आहे ते बघावं लागतं. त्यासाठीच्या साधनाला डीबगर म्हणतात. जीडीबी हा असाच एक डीबगर. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८६ मध्ये लिहिला आणि आजही जगभर वापरला जातो. मूळचा तो आज्ञा टाइप करून चालवायचा. आमच्या टीमने त्याला बटणं आणि खिडक्या असलेलं ॲप्लिकेशन जोडलं. इंजिन तेच, पडद्यामागे स्वतंत्र चालणारं. आमचं काम फक्त निरोप्याचं.

सुरुवातीला मी सोपा मार्ग धरला. जीडीबी माणसांसाठी जी वाक्यं छापतो, तीच वाचून अर्थ लावायचा. नवी आवृत्ती आली, एका वाक्याची मांडणी बदलली आणि आमची खिडकी मुकी झाली. खरं तर दुसऱ्या प्रोग्रॅमशी बोलायला जीडीबीकडे एमआय नावाची वेगळी भाषा आहे. तिच्यात आज्ञेआधी क्रमांक देता येतो आणि उत्तरावर तोच क्रमांक परत येतो. बोर्डाच्या पेपरवर बैठक क्रमांक असतो ना, तसंच. उत्तर कुठल्या प्रश्नाचं, याचा घोळ होत नाही.

तरीही एक चूक राहिलीच. प्रोग्रॅम थांबला की चालू झाला, हे जीडीबी न विचारताही कळवतो. “चालू झाला” हा निरोप आम्ही कानाआड करत होतो. त्यामुळे प्रोग्रॅम पुढे गेला तरी पडद्यावर जुनीच किंमत दिसत राही. टीममधल्या एका नव्या मुलाने त्या आकड्यावर विश्वास ठेवला आणि दोन रात्री भलत्याच ठिकाणी चूक शोधली. वर मलाच म्हणाला, “मॅडम, माझंच काहीतरी चुकतंय.” मी आधी इंजिनाला दोष दिला. नोंदी तपासल्या, तर इंजिन खरं बोलत होतं. खोटं माझी खिडकी बोलत होती.

आता प्रोग्रॅम चालू असला की आम्ही किमतीची जागा कोरी ठेवतो. त्या मुलाची मी टीमसमोर माफी मागितली.

गणिताचे आपले सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, तुम्ही मला एकदा वर्गात उभं करून म्हणाला होतात, “येत नसेल तर जागा कोरी सोड. मागच्या गणिताचं उत्तर या गणिताखाली लिहू नकोस.” तेव्हा मला फार राग आला होता. तुमचं म्हणणं पटायला चाळिशी उलटावी लागली, एवढंच सांगायचं होतं.