पन्नी ‘विरते’ म्हणजे जाते कुठं?
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतलं बोलणं)



मागच्या महिन्यात एका समूहाच्या बैठकीला गेले होते. प्रदर्शनातल्या स्टॉलसाठी त्यांनी पन्न्यांचा गठ्ठा आणला होता. व्यापारी म्हणाला, “ही मातीत विरते,” आणि दर जास्त लावला. पैसे समूहाच्या बचतीतले. एक काकू म्हणाल्या, “पोरी, खरं काय ते सांग.” तेव्हा मला सांगता आलं नाही. वाचून आले, आज सांगते.

‘मायक्रॉन’ तुम्हाला ठाऊक आहे. ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक पिशवी चालत नाही. ती झाली जाडी. मायक्रोप्लास्टिकमध्ये मोजतात कणाचा आकार. १ मिलिमीटर म्हणजे १००० मायक्रॉन.

आपल्या केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये नियमात व्याख्या घातली: पाण्यात न विरघळणारा, १ ते १००० मायक्रॉन मापाचा प्लास्टिकचा घन कण म्हणजे मायक्रोप्लास्टिक. युरोपच्या २०२३ च्या नियमात ५ मिलिमीटरपर्यंतचा कण धरतात. म्हणजे ३ मिलिमीटरचा तुकडा तिकडे मायक्रोप्लास्टिक, आपल्याकडे नाही!

त्याहून बारीक ते नॅनोप्लास्टिक. कोणी १ मायक्रॉनच्या खाली धरतात, तर युरोपची अन्नसुरक्षा संस्था ०.१ मायक्रॉनच्या खाली. आपली व्याख्या १ मायक्रॉनवरच थांबते.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याला याचं काय? तर त्याच नियमात लिहिलं आहे की, मायक्रोप्लास्टिक मागे न ठेवता कुजतं तेच ‘जैवविघटनशील’ प्लास्टिक. उन्हात पन्नीचा भुगा होतो, तो डोळ्याला दिसत नाही, पण वावरात राहतोच. भुगा होणं म्हणजे विरणं नव्हे.

म्हणून ‘विरणारी’ पिशवी घेण्याआधी एवढं करा:
– व्यापाऱ्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र मागा.
– कंपोस्ट होणाऱ्या पिशवीवर उत्पादकाचं नाव आणि प्रमाणपत्र क्रमांक आहे का ते पाहा.
– पक्कं बिल घ्या, ठरावाच्या वहीत नोंद करा.

काकूंच्या गठ्ठ्यावर क्रमांक नव्हता. समूहाने व्यापाऱ्याकडे कागद मागितला आहे आणि पुढची ऑर्डर थांबवली आहे. तोवर स्टॉलवर जुन्या लुगड्याच्या पिशव्या चालल्या आहेत. गिऱ्हाईक त्या परत मागून नेतं, बरं का!