जोखीम कुणाची, विमा कुणाचा?

(आचरा येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

मी गोदीत हमाली करतो, मॅट्रिकपर्यंत शिकलोय आणि कविता लिहितो. अर्थशास्त्राचा प्रोफेसर नाही. पण बोटीत चढणारा माल कुणाच्या पाठीवरून जातो, हे मला प्रोफेसरापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्या हक्कानं बोलतो.

भांडवलदारांच्या कोशात एक शब्द आहे : राजकीय जोखीम. परक्या मुलखात खाण काढली आणि उद्या तिथलं सरकार उलटलं तर? कर वाढवला, परवाना काढून घेतला, खाणच ताब्यात घेतली तर? या भीतीचा विमा उतरवता येतो. जागतिक बँकेच्या छत्राखाली १९८८ साली त्यासाठी वेगळी संस्थाच निघाली. सरकारने खाण घेतली तर कंपनीला भरपाई. आणि खाणीने गाव घेतलं तर? तो विमा कुठल्या खिडकीवर मिळतो?

लांब कशाला, आपला महाराष्ट्र बघा. मनसर, कांद्री, चिखला, डोंगरी बुजुर्ग. नागपूर-भंडाऱ्याच्या या पट्ट्यातल्या मँगनीजच्या धंद्यात १८९६ साली इंग्रजांची कंपनी उतरली. १९४७ साली झेंडा बदलला, कंपनी हलली नाही. १९६२ साली नवी कंपनी निघाली. केंद्र, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश मिळून ५१ टक्के, उरलेले ४९ टक्के जुन्या साहेबाचेच! ते सरकारने घेतले १९७७ साली. स्वातंत्र्याला तेव्हा तीस वर्षं झाली होती. ही म्हणे जोखीम!

शेजारचा गोवा बघा. पोर्तुगीजांनी खाणींचे कायमचे पट्टे वाटून ठेवले होते. १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीज गेले. राज्य गेलं, पट्टे राहिले. ते रद्द करणारा कायदा आला १९८७ साली, आणि त्या कायद्यानेही जुन्या पट्टेदारांनाच नवे भाडेपट्टे दिले. त्यातली सेसा गोवा १९५४ साली इटालियन भांडवलावर उभी राहिली, १९९६ साली जपानच्या मित्सुईकडे गेली, २००७ साली लंडनच्या शेअर बाजारातल्या वेदांतकडे. मग फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ खाणींचे नूतनीकरण रद्द केलं. मालकांनी मोठे वकील लावले. ट्रकचा ड्रायव्हर, बार्जवरचा खलाशी यांनी काय लावायचं? आपल्या मालवणीत सांगायचा तर, मालक बदललो, घाम तोच.

सरकारीकरण फुकट गेलं असं मी म्हणत नाही. खाण सरकारी झाली म्हणून राखीव जागा आल्या, आपली काही पोरं हजेरीपटावर कायम झाली. पण जे सरकार देतं तेच सरकार विकतं. त्याच मँगनीज कंपनीचे शेअर २०१० साली बाजारात काढले. ठेकेदाराच्या माणसाला कुणी विचारलं होतं?

आता कंपनीची हुशारी बघा. ती करारातच लिहून घेते : सरकार बदललं, कायदा बदलला, तरी आमच्या अटी बदलणार नाहीत. बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे करा म्हटलं, आणि हे घटनेतच लिहा म्हटलं. का? आज आलेलं बहुमत उद्या ते मोडेल म्हणून. बहुमताचा धोका कंपनीनेही ओळखला, बाबासाहेबांनीही. कंपनीला तिची हमी मिळाली. कष्टकऱ्याची हमी घटनेत आलीच नाही. मित्रहो, सगळी मेख इथे आहे.

पनामात २०२३ साली लोक रस्त्यावर उतरले. कॅनडाच्या कंपनीचा तांब्याच्या खाणीचा करार तिथल्या सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबरात घटनाबाह्य ठरवला. ही जोखीम सरकारने नाही, लोकांनी उभी केली. कंपनी आंतरराष्ट्रीय लवादाकडे धावली. हजारो कामगार घरी बसले, त्यांना लवाद नव्हता. म्हणून नुसती खाण बंद पाडून भागत नाही. आपलं कलम आधी लिहून घ्यावं लागतं.

आपल्या जिल्ह्यात तर खाणवाल्याला कसलीच जोखीम नाही, ती सगळी गावाला. जुलै २०२१ मध्ये कळण्याच्या खाणीचा बांध फुटला आणि चिखलाचं पाणी घरांत, बागायतीत घुसलं. आचऱ्याची गावपळण तुम्हाला माहीत आहे. सगळा गाव गुरंढोरं घेऊन वेशीबाहेर जातो, तीन दिवसांनी परत येतो. देवाच्या कौलावर माझा विश्वास नाही. पण त्या पळणीत परतणं असतं. खाणीसाठी गाव उठला की परतायचा कौल देणारा कुणी नसतो.

तेव्हा मागायचं काय? २०१५ च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. खाणवाल्यांनी त्यात पैसे भरायचे आणि ते खाणीने बाधित झालेल्यांवर खर्चायचे. त्या पैशाचा हिशेब ग्रामसभेत उघडा वाचून दाखवा. खाण बंद राहील त्या काळातली मजुरी पट्ट्यातच लिहा, ठेकेदाराच्या मजुराचीही. खड्डा कोण बुजवणार ते आधी लिहा, मग कुदळ मारा. आणि ज्याच्याकडे सातबारा नाही, त्या भूमिहीनालाही बाधित म्हणा. आपल्यातले किती जण सातबाऱ्यावर आहेत, मोजा!

मालक विलायती असो, देशी असो, नाहीतर सरकारी, ही चार कलमं घेऊन त्याच्या दारात उभे राहा. आजवर त्यांची जोखीम आपण पाठीवर वाहिली. आता आपली जोखीम त्यांच्या करारात चढवा.