कोळसा जळतो कुठे, दिवा लागतो कुठे

मी शीळफाट्याहून बोलतोय. मागे ट्रकचे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या. आजचा विषय आहे कोळसा.

औद्योगिक क्रांती म्हटलं की आपल्याला जेम्स वॅट आठवतो. पण त्याच्या बऱ्याच आधी, १७१२ मध्ये, न्यूकोमेनचं वाफेचं इंजिन खाणीतलं पाणी उपसायला लागलं होतं. ते कोळसा भरमसाट खायचं. तरी परवडायचं, कारण ते उभंच होतं खाणीच्या तोंडाशी. इंग्लंडमध्ये कोळसा पायाखाली होता, ही गोष्ट लक्षात ठेवा.

आता आपल्याकडे या. इथून मुंब्र्यावरून ठाण्याला जातो ना आपण, त्या ठाण्यात १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी आली. १८५६ मध्ये ताडदेवला कावसजी दावरांची गिरणी सुरू झाली. इंजिनं आली, गिरण्या आल्या, पण मुंबईजवळ कोळसाच नाही! तो जहाजात भरून थेट विलायतेहून यायचा. म्हणजे कापूस आपला, कामगार आपले आणि जळण मात्र सातासमुद्रापलीकडचं.

मग यातून वाटा निघाल्या. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये एम्प्रेस मिल काढली ती नागपूरला, कारण तिथे कापूस जवळ आणि वरोऱ्याची कोळसा खाणही जवळ. मुंबईसाठी वाट निघाली सह्याद्रीतून. लोणावळ्याच्या धरणांचं पाणी खोपोलीला उतरवून १९१५ पासून गिरण्यांना वीज मिळू लागली. हे स्वप्नही जमशेटजींचंच, पण ते पाहायला ते राहिले नव्हते.

रेल्वेनं मात्र आपल्या विजेच्या गाड्यांसाठी ठाकुर्लीला कोळशावरचं पॉवर हाऊस बांधलं. चोळे पॉवर हाऊस म्हटलं की जुन्या डोंबिवलीकरांना लगेच कळेल. ते कधीच बंद पडलं.

मग आपला कोळसा संपला का? नाही. तो फक्त दिसेनासा झाला. भिवंडीच्या पुढे पडघ्याला एक मोठं वीज उपकेंद्र आहे. तिथे चंद्रपूरहून साडेसातशे किलोमीटर लांबीची उच्चदाब वाहिनी येते, क्षमता १५०० मेगावॉट. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॉटचं.

गिरणगावात धूर आणि पगार एकाच वस्तीत यायचे. आता वीज तारेतून इकडे येते, राख आणि धूर तिकडेच राहतात. आमच्या इथल्या गोदामांत रात्रभर दिवे असतात. त्यांचं बिल आम्ही भरतो, पण त्या बिलात चंद्रपूरकरांचा खोकला धरलेला नसतो. विजेच्या दरावर बोलताना हा हिशेबही मांडायला हवा, असं मला वाटतं.

चंद्रपूरकडचं कुणी ऐकत असेल, तर तुमचा अनुभव नक्की कळवा. पुढच्या भागात भेटूच.