पाच कामांची यादी

अतिदक्षता विभागातल्या रुग्णाच्या मानेतल्या मोठ्या शिरेत अनेकदा एक बारीक नळी घातलेली असते. औषधे, सलाइन तिच्यातूनच जाते. पण हीच नळी जंतूंनाही थेट रक्तात जायची वाट करून देते.

हा संसर्ग टाळण्यासाठी अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी २००१ मध्ये पाच कामांची यादी केली. हात धुणे, त्वचा क्लोरहेक्सिडिनने पुसणे, टोपी, मास्क, गाऊन, हातमोजे घालून रुग्णाला निर्जंतुक चादरीने झाकणे, शक्यतो जांघेतली शीर टाळणे, आणि गरज संपताच नळी काढणे.

यात नवे काहीच नव्हते. डॉक्टरांना हे सारे पाठ होते, पण घाईगर्दीत एखादी पायरी राहून जायची. म्हणून कामाची पद्धतच बदलली. लागणारे साहित्य एकाच ट्रॉलीवर आले. पायरी चुकली, तर डॉक्टरांना तिथल्या तिथे थांबवण्याचा अधिकार परिचारिकांना मिळाला.

पुढे मिशिगन राज्यातल्या शंभरहून अधिक अतिदक्षता विभागांनी ही पद्धत स्वीकारली. नळी शिरेत असल्याच्या दर हजार दिवसांमागे संसर्गाचे मध्यक प्रमाण २.७ होते, तीन महिन्यांत ते शून्यावर आले. २००६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

आपले माणूस अतिदक्षता विभागात असेल, तर श्रोतेहो, एक प्रश्न रोज नम्रपणे विचारा: ‘डॉक्टर, ही नळी आजही लागणार आहे का?’