अठरा कोटींचे औषध आणि आपला रुपया
(हितचिंतकांच्या सभेतील भाषण)



मागच्या सभेत एका काकांनी विचारले होते, जनुकांवरच्या संशोधनासाठी कोणी मदत मागितली तर ती द्यावी, की तेच पैसे पाड्यावरच्या दवाखान्याला द्यावेत? मी घाईत म्हणालो, "दवाखान्याला." ते उत्तर आज थोडे दुरुस्त करायचे आहे.

सिकलसेलच घ्या. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोलीकडे हा आजार काय करतो ते तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिले आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मूल हाडांच्या दुखण्याने रात्रभर कण्हते. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेने यावर कॅसजेव्ही नावाच्या उपचाराला मान्यता दिली. रुग्णाच्याच मूळपेशी काढायच्या, त्यांच्या जनुकात बदल करायचा आणि त्यालाच परत द्यायच्या. म्हणजे औषध एकाच माणसासाठी तयार होते. चाचणीत 31 पैकी 29 रुग्णांना सलग वर्षभर तरी दुखण्याचा तीव्र झटका आला नाही. किंमत 22 लाख डॉलर, सुमारे 18 कोटी रुपये. शिवाय आधी कडक केमोथेरपी आणि मोठ्या रुग्णालयात कित्येक आठवडे मुक्काम.

18 कोटी म्हटल्यावर हात जोडून उठावेसे वाटते. पण याचे मूळ पाहा. 1948 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टर जॅनेट वॉटसन यांनी सिकलसेलची तान्ही बाळे पाहिली. त्यांना पहिले काही महिने फारसा त्रास होत नव्हता. आईच्या पोटात असतानाचे हिमोग्लोबिन अजून रक्तात आहे, तेच त्यांना सांभाळते, असे त्यांनी ताडले. ते हिमोग्लोबिन पुन्हा वाढवायचे, एवढेच कॅसजेव्ही करते. आणि आपल्या मुलांना मिळणारी हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल? तीही मुख्यतः तेच करते, दिवसाला काही रुपयांत. एकाच झाडाची ही दोन फळे. म्हणून संशोधन हे श्रीमंतांचे काम, असे मी आता म्हणणार नाही.

मग पैसे द्यावेत का? अमेरिकेत सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशन नावाची संस्था आहे. आजारी मुलांच्या पालकांनी ती 1955 मध्ये काढली. वर्गणी गोळा करून त्यांनी औषध शोधणाऱ्या कंपनीला सुमारे 15 कोटी डॉलर दिले. 2012 मध्ये कॅलिडेको बाजारात आले. तेव्हा ते शंभरातल्या चार-पाच रुग्णांच्याच जनुकदोषाला लागू पडत होते आणि वर्षाचा खर्च होता जवळपास 3 लाख डॉलर. काही डॉक्टरांनीच या किमतीवर आक्षेप घेतला. 2014 मध्ये संस्थेने आपला स्वामित्वधनाचा हक्क 330 कोटी डॉलरला विकला आणि तो पैसा कामात लावला. पुढे आलेली औषधे बहुसंख्य रुग्णांना लागू पडतात, त्यामुळे त्या पालकांना मी चूक म्हणू शकत नाही. पण किंमत ठरवण्याचा हक्क कंपनीच्याच हाती राहिला. ती कंपनी व्हर्टेक्स. कॅसजेव्हीही तिचेच.

आपण अगदी लहान आहोत, पण मदत मागणाऱ्याला एवढे विचारू शकतो: औषध निघाले तर आमच्या पाड्यावर ते कितीला मिळेल, आणि हे करारात लिहिले आहे का? दिल्लीची आयजीआयबी ही सरकारी संस्था सिकलसेलवर देशी जनुकोपचार तयार करत आहे. अशा ठिकाणी हा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे.

आणि पाड्यावर? 2023 पासून केंद्र सरकारची सिकलसेल मोहीम चालू आहे, 7 कोटी लोकांची तपासणी करण्याची. रुग्ण सापडतील. पण कॅप्सूल चालू असताना दर काही महिन्यांनी रक्त तपासावे लागते. कॅप्सूल फुकट मिळाली तरी तालुक्याला जायचे म्हणजे गाडीभाडे आणि आईची एका दिवसाची मजुरी बुडते. गोळी सुटते ती तिथेच.

तर काका, माझा हिशोब असा. दहातले नऊ रुपये त्या गाडीभाड्याला आणि मजुरीला. दहावा रुपया बाजूला ठेवू. किमतीचे उत्तर लेखी आले, तर तो द्यायला मी पहिला उठेन.