खुर्च्या रिकाम्या का राहतात?

हातात काम असेल तर चालू ठेवा, निवडता-निवडता ऐका. मागच्या खेपेला आपण गटाच्या वह्यांबद्दल बोललो. आज सिनेमाबद्दल बोलायचं आहे. हसू नका, यात हिशोबही आहे.

आम्ही ठाकुरवाडीच्या बचत गटातल्या चौदा जणी मुंबईला चित्रपट महोत्सव बघायला गेलो होतो. तिथं स्वतंत्र सिनेमे दाखवतात. स्वतंत्र म्हणजे मोठ्या कंपनीचा पैसा नाही, मोठा हिरो नाही. कुणी पदरचं घालून, कुणी मित्रांकडून उसनं घेऊन केलेले. असे सिनेमे आपल्या बाजूच्या थेटरात बहुतेक वेळा लागतच नाहीत, म्हणून ते महोत्सवात बघायचे. मुंबईत मामीचा महोत्सव १९९७ साली सुरू झाला, पुण्याचा २००२ साली, आणि सरकारचा इफ्फी २००४ पासून पणजीला भरतो. आम्ही गेलो तो यांच्यातला नव्हता, लहानसाच होता. एका ओळखीच्या संस्थेनं पास दिले होते.

तसा सिनेमा आम्हांला अगदी परका नाही. चौकजवळ २००५ साली नितीन देसाईंचा स्टुडिओ उभा राहिला. ‘जोधा अकबर’चे महाल तिथंच बांधले होते. बादशहाच्या भिंती प्लायवूडच्या असतात, हे आमच्या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

जायचं ठरलं तेव्हा बैठकीत चांगलीच वादावादी झाली. गाडीभाडं गटाच्या शिलकीतून घ्यायचं का? एक मावशी म्हणाल्या, “बोकड आजारी पडलं तर कर्ज देताना तुम्ही दहा प्रश्न विचारता, आणि सिनेमाला पैसे काढता?” त्यांचं म्हणणं रास्त होतं. ज्याची-त्याची जबाबदारी असं ठरलं. पण आमच्यातल्या पाच जणी रोजावर जाणाऱ्या. त्यांचा दिवस बुडाला. पास फुकट असला तरी खाडा फुकट नसतो. महोत्सव भरवणाऱ्यांनी तिकिटाचा दर ठरवताना हेही मोजावं, असं आमचं मत आहे.

पहाटे डोंगर उतरलो, टमटमनं कर्जत स्टेशन गाठलं, तिथून लोकलनं दोन तास. सकाळचा खेळ लघुपटांचा होता. दोनशेच्या वर खुर्च्या. दिवे गेले नव्हते तोवर आम्ही सवयीनं हजेरी मोजली. माणसं एकतीस, त्यात चौदा आम्हीच. उरलेल्या सतरांत गळ्यात पट्टा अडकवलेले आयोजक किती आणि ज्यांची फिल्म होती त्यांचे घरचे किती, ते वेगळं. एसी इतका गार की पदर कानाला गुंडाळून बसलो.

तिथं एक पंचवीस मिनिटांची फिल्म होती. एका तरुण मुलीनं केलेली. पाण्यासाठी दरीत उतरणारी बाई, तिचा एक दिवस, बस. फारसं बोलणंही नव्हतं. आमच्या आजी पुढच्या रांगेत होत्या. मध्येच मोठ्यानं म्हणाल्या, “हंड्यात पानी नाय गं. मान बघ तिची.” मागून कुणीतरी श्शू केलं. फिल्म संपल्यावर ती मुलगी स्टेजवर आली, काही विचारायचं आहे का म्हणाली. इंग्रजीत दोन प्रश्न झाले. मग आजींनी हात वर केला आणि तेच परत सांगितलं. भरला हंडा डोक्यावर असला की मान इकडेतिकडे वळत नाही, बाई डोळ्यांनीच बघते, आणि चढावर तिची पावलं पसरट पडतात. ती मुलगी लिहून घेत होती. नंतर बाहेर येऊन आमच्याबरोबर चहा प्यायली. म्हणाली, ही फिल्म मी सहा ठिकाणी दाखवली, पण पाणी वाहणारी बाई बघायला बसली आहे असं आज पहिल्यांदा झालं.

आता संध्याकाळचं ऐका. साडेसहाच्या खेळाला म्हणे हॉल भरणार होता, लोक ऑफिस सुटल्यावर येतात. आम्हांला साडेचारला निघावं लागलं. लोकल रात्रीपर्यंत मिळते, पण कर्जतहून वाडीकडे येणारी टमटम अंधार पडला की थांबते. म्हणजे आम्ही येऊ शकतो ती वेळ रिकामी, आणि खेळ भरतो ती वेळ आम्हांला बंद. ‘चांगल्या सिनेमाला प्रेक्षक नाही’ असं एका पाहुण्यांनी भाषणात सांगितलं. लोकांची आवडच बिघडली म्हणाले. आम्हांला ते पटलं नाही.

१९३६ साली पुण्याच्या प्रभात कंपनीनं ‘संत तुकाराम’ काढला. बैलगाड्या जुंपून खेड्यांतली माणसं बघायला आली, मुंबईत एकाच थेटरात तो वर्षभराहून जास्त चालला. तोच सिनेमा १९३७ साली इटलीत व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. महोत्सवाचा सिनेमा वेगळा आणि लोकांचा वेगळा, असं तेव्हा तरी नव्हतं.

आणि आमच्या गटाला सगळ्यात भावली ती ‘मंथन’ची गोष्ट. १९७६ चा सिनेमा, श्याम बेनेगलांचा. आपली स्मिता पाटील त्यात आहे आणि पटकथेत विजय तेंडुलकरांचा हात आहे. दुधाच्या सहकारी सोसायटीची कथा. त्याला पैसा कुणी घातला? गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी, प्रत्येकी २ रुपये. झाले १० लाख. मग सिनेमा लागला तेव्हा हेच लोक ट्रक भरभरून बघायला आले. येणारच. स्वतःचे दोन रुपये कसे लागले ते बघायचं नको? ही तर आपलीच रीत झाली, महिन्याची बचत टाकायची आणि वही बघायला यायचं. २०२४ साली तोच सिनेमा दुरुस्त करून फ्रान्समध्ये कानच्या महोत्सवात दाखवला.

याच्या उलट अलीकडचं सांगतो. ‘स्थळ’ नावाचा सिनेमा आहे, जयंत सोमलकरांचा. मुलगी बघायला येतात, नाव विचारतात, उंची विचारतात, उठ-बस करायला लावतात, त्यावरचा. विदर्भातल्या गावात केला, गावातल्याच माणसांनी कामं केली. २०२३ साली कॅनडात टोरांटोच्या महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाला, आणि ७ मार्च २०२५ ला आपल्याकडे थेटरात लागला. महिला दिनाच्या आदल्या दिवशी. आमच्या प्रभागात तेव्हा महिला दिनाच्या रांगोळ्या चालल्या होत्या, सगळ्या बाया एकत्र होत्या, आणि कुणाला पत्ता नाही! जाहिरात झाली असेल, मोबाईलवर फिरलीही असेल. निरोप आला नाही. निरोप म्हणजे दारात येऊन “ताई, येता ना?” असं विचारणं. त्याशिवाय आपल्याकडे हळदीकुंकवालाही कुणी जात नाही.

म्हणून आम्ही हंड्यावाल्या फिल्मच्या मुलीला विचारलं, वाडीत दाखवू का? तिनं खुशीनं होकार दिला आणि फिल्म पाठवली. आमची पोरं म्हणतात, कशाला विचारायचं, मोबाईलवर उतरवून घ्यायची. पण दुसऱ्याच्या झाडाचे आंबे आहेत ते, विचारूनच घ्यावेत. शाळेचा प्रोजेक्टर मागून आणला, समाजमंदिरात चादर लावली. भात झोडून झालं होतं. वेळ रात्री आठची, म्हणजे चुलीचं काम उरकतं. दर पाच घरांमागे एकीनं निरोप द्यायचा. पोरं बरोबर आणायची, रडलं तर बाहेर घेऊन बसायला दोन आज्या नेमल्या.

हजेरीवर सह्या आणि अंगठे मिळून त्रेसष्ट आले. पुरुष दारात उभे राहून बघत होते, त्यांना धरलं नाही. दुसऱ्या खेळाला मात्र बावीसच आल्या. त्या दिवशी खालच्या वाडीत हळद होती. तिसरा आम्ही पौर्णिमेला ठेवला, चांदण्यात शेजारच्या वाडीतल्या बायांना परत चालत जाता येतं. त्रेपन्न.

ज्या मावशींनी भाड्यावरून अडवलं होतं, त्यांनीच मागच्या बैठकीत विषय काढला. खेळाला माणशी १० रुपये घ्यावेत, निम्मे फिल्म करणारीला पाठवावेत, निम्मे पुढच्या खेळाला. दोघी-तिघींना दहा जास्त वाटतात, त्यावर अजून बोलणं चालू आहे. ज्यांच्याकडे त्या दिवशी रोज नसेल त्यांना फुकट, एवढं पक्कं झालं आहे.

पुढचा खेळ येत्या पौर्णिमेला, रात्री आठ वाजता, आमच्या समाजमंदिरात. आजूबाजूच्या वाड्यांतल्या कुणालाही यायचं असेल तर या. सतरंज्या कमी पडतात, बसायला गोणपाट घेऊन या. परतीच्या वाटेवर ओढ्याजवळ खडी टाकली आहे, तिथं बॅटरी लागेल.