भंगारातल्या सायकलीचा डवरा
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून भाव, कर्ज आणि आयात यांवर बोलणे झाले. मी लोखंडाविषयी बोलणार आहे, आणि तेही भंगारातल्या.

भिवंडीचे कामतघर तुमच्यापैकी थोड्यांनीच पाहिले असेल. वऱ्हाळादेवीच्या तलावाकाठची वस्ती, आणि गल्लीगल्लीत यंत्रमागांचा खडखडाट. आपल्या कापसाचे सूत झाल्यावर ते जिथे विणले जाते, त्यातले भिवंडी हे मोठे ठिकाण. हे माग आले कोठून? पुष्कळसे मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले. १९८२ च्या गिरणी संपानंतर तर गिरण्याच बसल्या, पण जुना माग भिवंडीला जाणे त्याच्या आधीपासून चालू होते. तेलंगणातून आलेला पद्मशाली आणि उत्तर प्रदेशातून आलेला विणकर यांनी ते लोखंड दुरुस्त करून, तुटला भाग लेथवर करून घेऊन चालते ठेवले. तिथल्या कामगाराचे हाल मी झाकत नाही. पण गिरणीने किलोवर विकलेल्या लोखंडावर एक शहर उभे राहिले, ही गोष्ट खरी. आता नव्या मागांपुढे तेच जुने माग पुन्हा किलोवर जात आहेत.

आपल्या गावात किलोवर जाते ती जुनी सायकल. बैलजोडीही गेली. ज्याच्याकडे दोन-तीन एकर आहे तो वर्षभर बैल पोसू शकत नाही. भाड्याची जोडी मिळते ती वाफसा निघून गेल्यावर. मग घरची बाई खुरपे घेऊन वाकते. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहागीरला शेतकऱ्यांनी बंदी असलेले तणनाशक-सहनशील कपाशीचे बियाणे उघडपणे पेरले, त्यामागे निंदणाचा हाच खर्च होता. ते स्वातंत्र्य आपण मागतच राहू. पण ज्वारीत तेवढ्यानेही भागत नाही.

जळगाव जिल्ह्यात शेंदुर्णीचे गोपाळ मल्हारी भिसे यांनी सायकलीचा पुढचा भाग घेऊन त्याचा डवरा केला. नाव ठेवले कृषिराजा. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्याची दखल घेतली. शेतकी महाविद्यालयात आम्ही अवजारांचा विषय घोकला, पण ही कल्पना शेतातून आली, महाविद्यालयातून नाही.

करायचा कसा ते सांगतो. मोठी, दूधवाले वापरत तशी २८ इंची सायकल पाहा. चाक मोठे असले की ढेकळावरून सहज चढते. पुढचे चाक, चिमटा आणि हँडल एवढेच लागते. चाक उचलून फिरवा. कडकड वाजले तर छर्रे आणि कोन बदला, तो खर्च थोडा असतो. रिम वाकडी असेल तर मात्र घेऊ नका. मडगार्ड काढून टाका, काळ्या रानाचा चिखल त्यात अडकला की चाक जाम होते. आणखी एक, भंगारवाल्याकडून पावती घ्या. सायकलीवर नंबर असतो. चोरीची निघाली तर डवरा पोलीस ठाण्यात आणि तुम्हीही.

चाकाच्या आसापासून दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या मागे न्या आणि त्यांना पास बसवा. सायकलीची नळी पातळ असते. गावातला वेल्डिंगवाला जाड लोखंडाच्या सवयीने तिला भोक पाडतो. म्हणून नळीला वेल्डिंग नको, पट्टा आणि बोल्ट लावा. पट्टीला तीन-चार भोके ठेवा, म्हणजे पास वरखाली करता येते. पाशीला गाडीच्या मोडक्या कमानपाट्याचे पोलाद उत्तम, लोहाराला सांगावे लागत नाही. हँडलची उंची जी बाई चालवणार तिच्या कोपरापाशी यावी. ती तिला उभी करून ठरवा, नवऱ्याच्या मापाने नाही.

आता पाशीची रुंदी. इथे बहुतेक जण लोभ करतात. माणूस दिवसभर टिकेल असे बळ एक दशांश अश्वशक्तीच्या आसपास, आणि बैलजोडीचे सुमारे एक अश्वशक्ती. म्हणजे जोडी माणसाच्या दसपट. बारा इंची पास लावली तर दुपारी डवरा बांधावर पडून राहील. सहा इंच पुरे, आणि खोली इंच-दीड इंच.

हिशेबही ऐका. ज्वारीच्या ओळी १८ इंचांवर असतील तर एकरात जवळजवळ ९ किलोमीटर तास होतात. सहा इंची पास प्रत्येक तासातून दोनदा न्यायची म्हणजे १८ किलोमीटर चाल. एका माणसाचे हे एका दिवसाचे काम नाही, दोन दिवस धरा. चार फुटांवरच्या कपाशीत ओळीलगतचे तण या डवऱ्याने काढा, मधला पट्टा बैलाच्या डवऱ्याला ठेवा. दहा एकरवाल्याने याच्या नादी लागू नये.

तण दोन-चार पानांवर असताना आणि वाफसा असतानाच हे चालते. गुडघाभर तणात सायकल घालून नावे ठेवणारे मी पाहिले आहेत. पाऊस उघडला की वरची खपली फुटते, भेगा बुजतात आणि ओल टिकते. कोरडवाहूत ही डवरणी तणापेक्षा ओलीसाठीच जास्त.

हे काम काही कापसाच्या भावाची जागा घेत नाही. वाचते ती निंदणाची मजुरी आणि कंबर.

पुढच्या मेळाव्याला ज्यांनी असा डवरा केला आहे त्यांनी तो घेऊन या. येताना चालवणाऱ्या बाईलाही आणा, कोठे अडते ते तिच्याकडूनच ऐकू.